दोन युरोंची नाव

व्हेनिसला जायचं म्हटलं की पहिला सल्ला मिळतो तो मेस्त्रेत राहण्याचा. मेस्त्रे म्हणजे लगूनच्या, व्हेनिसभोवतालच्या उथळ खाऱ्या पाण्याच्या, अलीकडे मुख्य भूमीवर वसलेला भाग. तिथं हॉटेलं स्वस्त, आणि रेल्वे दहा-बारा मिनिटांत पाण्यावरचा लांबलचक पूल ओलांडून सांता लुचिया स्टेशनात आणून सोडते. पैशांचा हिशेब केला तर सल्ला बिनचूक आहे. आमच्या घरात मात्र त्यावरून बऱ्याच संध्याकाळी वाद रंगला. "अगं, रात्री नुसतं झोपायलाच तर जायचंय," हे नवऱ्याचं म्हणणं. माझं म्हणणं, दिवे लागल्यावर ज्या गावात आपण थांबत नाही ते गाव आपल्याला कळत नाही. आणि दिवे लागल्यावर तिथं कोण उरतं, हाच तर आज व्हेनिसपुढचा सगळ्यात मोठा प्रश्न आहे.

तोडगा निघाला तो एका मठात. व्हेनिसमध्ये काही धर्मसंस्था आपल्या जुन्या वास्तूंमधल्या खोल्या प्रवाशांना देतात. कास्तेल्लो भागात, नन्स चालवत असलेल्या अशाच एका ठिकाणी आम्हाला खोली मिळाली. दोन लोखंडी खाटा, एक टेबल, भिंतीवर क्रूस, न्हाणीघर बाहेर. सकाळी पाव, जॅम आणि कॉफी. रात्री अकराला दार बंद. भाडं मेस्त्रेपेक्षा थोडं जास्त, गावातल्या हॉटेलांपेक्षा पुष्कळ कमी. एखादा फ्लॅट घेऊन स्वयंपाक केला असता तर आणखी पैसे वाचले असते, पण ते मला नको होतं. ज्या घरांमध्ये काल-परवापर्यंत कुटुंबं राहत होती तीच घरं प्रवाशांना दिली जातात, म्हणून भाडी चढतात आणि तरुण माणसं पुलापलीकडे निघून जातात. सुट्टीसाठी येऊन त्यात भर घालायची, हे मनाला पटेना.

दिवस निवडले नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातले. धुकं, बोचरी थंडी, साडेचारलाच मावळणारा सूर्य, वर चौकात भरतीचं पाणी चढायची शक्यता. त्यामुळे विमानाचे आणि खोल्यांचे दर उतरलेले असतात. याच तारखा धरण्यामागे आणखी एक कारण होतं, त्याबद्दल पुढे लिहितेच. काही खर्चांना मात्र कात्री लागत नाही. शेंगेन व्हिसाचे माणशी ९० युरो द्यावेच लागतात. मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा शहराचा करही असतो. नुसते दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून २०२४ पासून ठरावीक दिवशी ५ युरो घ्यायला सुरुवात झाली, पुढच्या वर्षी आयत्या वेळी नोंदणी करणाऱ्यांना १०. ते दिवस वसंतापासून उन्हाळ्यापर्यंतचे, आणि मुक्कामी माणसाला ते माफ. त्यामुळे आम्हाला ती चिंता नव्हती.

विमानतळावरून १० युरोंत बस पियाझ्झाले रोमा या चौकात आणून सोडते. तिथं डांबरी रस्ता संपतो. पुढे मोटार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा चालवू देत नाहीत. शंभरावर बेटं, त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, आणि जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या. आम्ही पाठीवरच्या पिशव्या घेऊनच निघालो होतो, ते फार बरं झालं. पहिल्याच पुलावर एक हमाल हातगाडीवर पाण्याच्या बाटल्यांचे खोके रचून येत होता आणि नवरा तिथंच थबकला. तो स्थापत्य इंजिनिअर. गाडीच्या मोठ्या दोन चाकांच्या पुढे आणखी दोन छोटी चाकं होती. हमाल दांडा खाली दाबून छोटी चाकं वरच्या पायरीवर टेकवी, मग दांडा उचलून त्यांच्या आधारावर मोठी चाकं वर घेई. एकेक पायरी करत तो पूल चढला, उतरला आणि गल्लीत दिसेनासा झाला. गावातल्या प्रत्येक दुकानात पोचणारी प्रत्येक वस्तू आधी नावेतून आणि मग अशा गाडीवरून येते. मग इथं सगळंच महाग का, हे विचारावं लागत नाही.

आम्ही रोज चालत राहिलो. पत्ता शोधणं हे इथलं मोठंच काम असतं, कारण घरांना क्रमांक गल्लीप्रमाणे दिलेले नाहीत. गावाचे सहा भाग आहेत आणि एकेका भागात सलग क्रमांक. एकट्या कास्तेल्लोतच ते सहा हजारांच्या पुढे जातात. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, रिआल्तोकडे, सान मार्कोकडे, आणि कधी कधी एकाच ठिकाणी दोन्ही दिशांना बाण असतात. दोन्ही खरे असतात. असंच फिरताना सांती जोव्हान्नी ए पाओलोच्या चौकात संगमरवराची अप्रतिम दर्शनी भिंत समोर आली. मी चर्च समजून पुढे झाले, तर दारातून व्हीलचेअरवर एक आजोबा बाहेर आले आणि मागोमाग फाईल घेतलेली त्यांची मुलगी. ते शहराचं सार्वजनिक रुग्णालय आहे. पंधराव्या शतकातल्या त्या वास्तूच्या दारातून लोक आजही रक्त तपासायला जातात, आणि बाजूच्या कालव्यात रुग्णवाहिकेच्या बोटी उभ्या असतात. त्या चौकात आम्ही बराच वेळ बसून होतो.

आता नावेबद्दल. गोंडोलाचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ११०. दर नावेचा असतो, त्यामुळे चार-पाच जण मिळून गेले तर झेपतं. आम्ही दोघंच. पण मोठ्या कालव्यावर, त्याच्या जवळपास पावणेचार किलोमीटर लांबीत पूल फक्त चार आहेत, आणि मधल्या लोकांना पलीकडे तर जायचं असतंच. त्यासाठी त्रागेत्तो आहे, दोन वल्हेकऱ्यांची, नेहमीच्या गोंडोलापेक्षा रुंद, साधी नाव. तिच्यात मखमली गाद्या नसतात. बाहेरच्या माणसाला २ युरो, रहिवाशांना त्याहून कमी. आम्ही सांता सोफियाच्या धक्क्यावरून चढलो. पलीकडे रिआल्तोचा बाजार.

नावेत लोक उभेच राहतात. एक बाई भाजीची चाकांची पिशवी गुडघ्यांत धरून उभ्या होत्या, एक गृहस्थ घडी केलेला पेपर वाचत होते. मागच्या वल्हेकऱ्याने मला हातानेच पाय फाकवून उभं राहायची खूण केली. मध्यावर असताना वापोरेत्तो, म्हणजे इथली सार्वजनिक बोट, शेजारून गेली आणि तिच्या लाटेने नाव एका कुशीवर गेली. नवऱ्याने माझा खांदा घट्ट धरला. पेपरवाल्यांनी पान उलटलं. पाण्याच्या इतक्या जवळून दोन्ही तीरांचे प्रासाद वेगळेच दिसतात. खालच्या पायऱ्यांवरचं हिरवं शेवाळ, भरतीची रेघ, विटांवरून उडालेला गिलावा आणि त्याखालचा पांढरा इस्त्रियन दगड, जो खारं पाणी सोसतो. दोनेक मिनिटांत पलीकडचा धक्का लागला. पूर्वी अशा नावा कितीतरी ठिकाणांहून सुटत. आता मोजक्याच उरल्या आहेत. रोज पलीकडे जाणारी माणसं कमी झाली की ही नाव चालवायची कुणासाठी? त्या फेरीनंतर मला दर दिवशी त्रागेत्तोने जायचं निमित्त हवं असायचं.

मिरवणाऱ्या गोंडोला आम्ही पाहिल्या त्या बनताना. सान त्रोव्हासोच्या कालव्याकाठी गोंडोला बांधायचं आणि दुरुस्त करायचं जुनं आवार आहे. पलीकडच्या काठावरून सगळं दिसतं, तिकीट नाही. काळ्या नावा पालथ्या घातलेल्या, एक माणूस तळ खरवडत होता. सुमारे ११ मीटर लांबीच्या या नावेत आठ प्रकारचं लाकूड वापरतात, आणि तिची डावी बाजू उजवीपेक्षा २४ सेंटीमीटर रुंद ठेवलेली असते. वल्हेकरी मागे डावीकडे उभा राहून एकच वल्हं उजवीकडे मारतो. नाव सरळ घडवली तर ती गोल फिरेल, म्हणून तिला मुळातच वाकडी घडवतात. हे कळल्यावर नवऱ्याला तिथून उठवणं अवघड झालं.

खाण्याचं तंत्र बाकारोने सोडवलं. बाकारो म्हणजे उभ्याने खायची-प्यायची छोटी जागा. काउंटरवर काचेखाली चिकेत्ती मांडलेले असतात, पावाच्या चकतीवर काही ना काही, एकेक दीड-दोन ते तीन युरोंपर्यंत. बसून जेवायला गेलं की माणशी बैठकीचा आकार लागतो आणि बिल तिप्पट होतं. सान मार्कोच्या चौकातल्या वाद्यवृंदाच्या कॅफेंत बसलं तर संगीताचे पैसे निराळे. काउंटरशी उभं राहून घेतलेली कॉफी मात्र दीड युरोच्या आसपास, आणि ती गावातली माणसंही तशीच पितात. मी सार्दे इन साओर खाल्ले: तळलेल्या सार्डिन, त्यावर व्हिनेगरमध्ये शिजवलेला कांदा, मनुका आणि चिलगोज्यांसारखे पाइनचे दाणे. मासा टिकावा म्हणून खलाशांनी काढलेली ही युक्ती. नवरा शाकाहारी, त्याची सोय कशी होईल ही काळजी मी घरापासून वागवत आणली होती. ती रिआल्तोच्या बाजारात मिटली. भाजीवाला आर्टिचोकची बाहेरची पानं, देठ, केसाळ गाभा सगळं सपासप उडवत होता आणि हाती उरणारी पांढरट, वाटीएवढी चकती लिंबाच्या पाण्याच्या बादलीत टाकत होता. एवढं मोठं फूल, आणि खायचा तो तेवढा तळ. त्याच चकत्या लसूण आणि पार्सलीत शिजवून बाकारोत मिळतात. याने त्या रोज खाल्ल्या.

मासळीबाजाराच्या भिंतीवर एक दगडी पाटी आहे. कुठला मासा किती सेंटीमीटरपेक्षा लहान असेल तर विकायचा नाही, याची ती यादी. पिल्लं मारू नयेत म्हणून केलेला नियम, दगडात कोरून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर लावलेला. ज्यांना इथं पिढ्यान्‌पिढ्या राहायचं होतं त्यांनी तो केला. आता त्या बाजारातले गाळेही कमी होत चालले आहेत. हॉटेलात जेवणारा प्रवासी मासळी विकत घेत नाही.

पाण्याला एक पैसा लागला नाही. चौकाचौकांत पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली भरून घ्यायची. त्याच चौकांत मधोमध नक्षीदार दगडी कठड्यांची, झाकणं लावलेली आडं दिसतात. चारी बाजूंना खारं पाणी असलेलं हे गाव शतकानुशतकं पावसावर जगलं. अख्ख्या चौकाखाली चिकणमातीचा मोठा खड्डा, त्यात वाळू, मधोमध विटांचं आड. फरशीतल्या भोकांतून पाऊस आत जायचा, वाळूतून गाळून आडात झिरपायचा. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळ आला तोवर हीच व्यवस्था होती. चौक म्हणजे त्या वस्तीचं पाणी. नवरा म्हणाला, "म्हणजे ही नुसती मोकळी जागा नाहीच, ही टाकी आहे."

सान मार्कोच्या धक्क्यापाशी, ग्रंथालयाला लागून जुन्या टांकसाळीची इमारत आहे. तिथं तिकीट काढून पाहण्यासारखं मला काही हवं नव्हतं. मी बाहेर उभी राहून आजीच्या पुतळ्यांच्या माळेचा विचार करत होते. पुतळी म्हणजे व्हेनिसने १२८४ पासून पाडलेलं सोन्याचं नाणं, वजन साधारण साडेतीन ग्रॅम, एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला डोज, म्हणजे व्हेनिसचा निवडलेला प्रमुख, दुसऱ्या बाजूला लंबगोलात ख्रिस्त. १७९७ मध्ये व्हेनिसचं प्रजासत्ताक बुडेपर्यंत सोन्याचा कस त्यांनी राखला, म्हणून दूरदूरचे व्यापारी ते डोळे मिटून घेत. मिरी आणि कापडाच्या बदल्यात ते आपल्या किनाऱ्यावर आलं आणि मराठेशाहीच्या हिशेबांत पुतळी म्हणून नोंदलं गेलं. १५०१ मध्ये पोर्तुगीजांची जहाजं थेट भारतातून मिरी घेऊन आल्याची बातमी इथं थडकली तेव्हा जिरोलामो प्रिउली या सावकाराने मिरीचा व्यापार हातचा जाणार या चिंतेने रोजनिशीत पानं भरली. आजीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लग्नाकार्याला ती माळ काढायची, पुसायची, घालायची.

नोव्हेंबर निवडण्यामागचं माझं कारण होतं २१ तारीख. १६३०-३१ च्या प्लेगमध्ये शहरातली जवळपास एक तृतीयांश माणसं मेली. साथ जोरात असतानाच सिनेटने नवस बोलला की हे संकट टळलं तर मेरीमातेचं देऊळ बांधू. बाल्दास्सारे लोंगेना या तरुण वास्तुकाराचा आराखडा निवडला गेला आणि मोठ्या कालव्याच्या मुखाशी सांता मारिया देल्ला सालुते उभं राहिलं. सालुते म्हणजे आरोग्य. त्या चिखलात एवढा घुमट तोलायला दहा लाखांहून जास्त लाकडी खांब ठोकल्याचं सांगतात. लाकूड सडत कसं नाही, हा प्रश्न मी विचारायच्या आत नवऱ्याने उत्तर दिलं. खाली गाळात हवा पोचत नाही, त्यामुळे कुजवणारे जीव तिथं फारसे वाढत नाहीत. खांब जवळजवळ ठोकल्याने मातीही दाबून घट्ट होते. मग त्यांवर फळ्या, फळ्यांवर इस्त्रियन दगड, आणि वर गाव.

दर वर्षी २१ नोव्हेंबरला मोठ्या कालव्यावर तात्पुरता तरंगता पूल टाकतात आणि सगळं गाव त्यावरून चालत सालुतेला जातं. गावाला सुट्टी असते. आम्ही सकाळीच गेलो. पुलावर बाबागाड्या, काठी टेकणाऱ्या आज्या, लोकरी टोप्यांतली पोरं. पायाखाली फळ्या किंचित हलत होत्या. प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती. आत गर्दी इतकी की सेवेकरी हातातल्या मेणबत्त्या घेऊन भराभर लावत होते. माझ्या पुढच्या बाईंनी लांबलचक मेणबत्ती दिली आणि सेवेकऱ्याच्या कानाशी लागून एक नाव सांगितलं. कुणाचं तरी दुखणं असणार. मीही एक मेणबत्ती लावली, नवऱ्याच्या गेल्या वर्षीच्या ऑपरेशनसाठी. त्याला ते आधी सांगितलं नव्हतं. मागच्या बाजूला अगदी जत्रा भरलेली: फुगे, तळलेली गोड भजी, रंगीत मिठाया. या दिवशी घराघरांत कास्त्रादिना करतात, खारवलेलं सुकं मटण आणि कोबीचं सूप. एका बाकारोतही होतं, मी घेतलं. धुरकट, खारट, दणदणीत चव. चारशे वर्षांपूर्वीचा नवस अजून फेडणारं गाव मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि त्या पूर्ण दिवसाला आम्हाला लागले ते फक्त मेणबत्तीचे आणि सुपाचे पैसे.

तो नवस फेडायला माणसं किती उरलीत? रिआल्तोजवळ एका औषधाच्या दुकानाच्या काचेत रहिवाशांची संख्या दाखवणारा आकडा लावलेला आहे. १९५१ मध्ये या बेटांवर पावणेदोन लाखांच्या आसपास लोक राहत होते. २०२२ मध्ये तो आकडा ५० हजारांच्या खाली गेला आणि २०२३ मध्ये प्रवाशांसाठीच्या खाटा रहिवाशांपेक्षा जास्त झाल्या. समुद्र आवरता येतो असं दिसतंय. १९६६ च्या १९४ सेंटीमीटरच्या पुरानंतर, २०१९ च्या १८७ सेंटीमीटरनंतर, आता लगूनच्या तीन मुखांशी ७८ पोलादी दारं आहेत, ऑक्टोबर २०२० पासून ती भरती अडवतात. माणसांचा ओघ बाहेर चाललाय त्याला तसलं दार नाही. कमी पैशांत फिरणारे आम्ही ज्या ज्या सोयींवर तगलो, ती नाव, तो नळ, तो बाजार, ती उभ्याची कॉफी, त्या सगळ्या इथं राहणाऱ्यांसाठी आहेत. ते गेले तर स्वस्त व्हेनिस आधी संपेल, महागडं उरेल.

बोटीच्या पासासाठी आम्ही एकदाच पैसे काढले. एक वेळच्या तिकिटाला साडेनऊ युरो, ७५ मिनिटांसाठी. २४ तासांचा पास २५. तो दुपारी सुरू केला म्हणजे संध्याकाळ मोठ्या कालव्यावर आणि दुसरी सकाळ बेटांवर. एक नंबरची बोट दोन्ही तीरांच्या थांब्यांवर आळीपाळीने थांबत जाते. प्रत्येक थांब्यावर खलाशी जाड दोर खुंट्यावर टाकतो, दोन वेढे देतो, दोर करकरत ताणला जातो, बोट धक्क्याला टेकते, लोखंडी फाटक सरकतं. कामावरून परतणारी माणसं उतरतात. प्रासादांच्या वरच्या मजल्यांवर कुठे दिवा आहे आणि कुठे नाही हे मी बघत होते. अंधाऱ्या खिडक्या फार होत्या.

सकाळी तोर्चेल्लोला गेलो. व्हेनिसच्या आधी मोठं होतं ते हे बेट. सातव्या शतकात स्थापलेलं चर्च अजून उभं आहे, पश्चिमेच्या भिंतीवर भिंतभर अंतिम न्यायाचं मोझाइक. भोवताली हजारोंची वस्ती होती. गाळ साचला, मलेरिया पसरला, लोक निघून गेले आणि घरांच्या विटा-दगड काढून व्हेनिसमध्ये नेले. आता तिथं अगदी मूठभर माणसं राहतात. नवरा गवतातून चालत जुन्या घरांच्या पायांच्या खुणा शोधत राहिला.

परत जाताना बुरानो बेटावर बोट बदलायची होती. धक्क्यावर उभे होतो तेवढ्यात व्हेनिसकडून बोट आली, फाटक सरकलं आणि दप्तरं पाठीला लावलेली मुलं एकदम बाहेर पडली. शाळा सुटून घरी आलेली. एकमेकांना ढकलत, ओरडत, एकाने धक्क्यावरच चेंडू काढला. "यातली किती राहतील गं इथं?" नवऱ्याने विचारलं. चेंडू घरंगळत त्याच्या पायाशी आला. त्याने तो परत मारला, जरा जास्तच जोरात, आणि दोन मुलं त्याच्यामागे गल्लीत धावली. खलाशी आम्हाला आत या म्हणून ओरडत होता.